टीव्हीतला लेडीज डबा

मुंबईच्या लोकलमध्ये लेडीज डबा नको म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे. आणि त्या डब्यात एकदाही भांडण न केलेली बाईसुद्धा! गर्दी असते, चौथ्या सीटवरून वाद असतात, पण तरी तो डबा 'आपला' असतो. तो कशासाठी आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण असाच एक डबा कुणी टीव्हीला जोडला तर? अमेरिकेत १९८४ साली तसं झालं. 'लाइफटाइम' नावाचं केबल चॅनल सुरू झालं आणि पुढे १९९५ मध्ये त्याने 'टेलिव्हिजन फॉर विमेन' अशी चक्क पाटीच लावली. इथे आल्यावर ती पाटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसूच आलं होतं. दूरदर्शनवर वाढलेल्या माणसाला टीव्ही म्हणजे सगळ्या घराचा, त्यात बायकांचा वेगळा कुठला? नंतर मात्र या चॅनलची कुंडली मांडायचा नादच लागला. हा डबा कुणी जोडला, कशासाठी जोडला आणि आत बसलेल्यांना त्यातून काय मिळालं, एवढंच आज सांगायचं आहे.

सुरुवात टीव्हीच्याही आधी, रेडिओपासून होते. १९३० साली शिकागोच्या डब्ल्यूजीएन या रेडिओ केंद्रावर 'पेंटेड ड्रीम्स' नावाची रोजची श्रुतिका सुरू झाली. लिहिणारी होती इर्ना फिलिप्स. हिने नंतर अशा मालिकांची रांगच लावली. दुपारी घरात एकट्या असलेल्या बाईला साबण, पावडरी विकायच्या तर तिला रोज त्याच वेळी रेडिओपाशी खेचून आणणारी गोष्ट हवी, हे कंपन्यांना फार लवकर कळलं. साबणवाल्यांनी पोसलेलं नाट्य, म्हणून 'सोप ऑपेरा'. आपण 'डेली सोप' म्हणतो तेव्हा त्यातला साबण कुणाला आठवतो? फिलिप्सबाईंची 'गायडिंग लाइट' रेडिओवर १९३७ मध्ये सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये संपली. जवळजवळ बहात्तर वर्षं! आपल्या 'चार दिवस सासूचे'ला लांबली म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तर नियम ठरून गेला. दुपार बायकांची आणि रात्र सगळ्यांची. एनबीसी, सीबीएस आणि एबीसी ही तीन मोठी नेटवर्क्स वर्षानुवर्षं याच नियमाने चालली.

हा नियम मोडला तो दोन कारणांनी. एक म्हणजे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या. दुपारी घरात कुणी नाही, मग साबण कुणाला विकणार? आणि ही कमावती बाई आता नुसता साबण घेत नव्हती. ती गाडी घेत होती, विमा काढत होती, क्रेडिट कार्ड वापरत होती. दुसरं कारण उपग्रह. १९७५ मध्ये एचबीओने उपग्रहावरून देशभरच्या केबलवाल्यांना कार्यक्रम पुरवायला सुरुवात केली आणि वाट मोकळी झाली. १९७९ मध्ये खेळांचं ईएसपीएन, १९८० मध्ये बातम्यांचं सीएनएन, १९८१ मध्ये गाण्यांचं एमटीव्ही.

यातली आर्थिक मेख अशी की केबल चॅनलला दोन खिसे असतात. एका खिशात जाहिरातीचे पैसे, दुसऱ्यात केबलवाला दर घरामागे महिन्याला देतो ते पैसे. त्यामुळे सगळ्या देशाला खूश करायची गरज उरत नाही. एक ठरावीक गिऱ्हाईक धरून ठेवलं तरी दुकान चालतं. त्यात ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक घरांत एकापेक्षा जास्त टीव्ही होते. म्हणजे हॉलमध्ये फुटबॉल चालू असताना स्वयंपाकघरात किंवा बेडरूममध्ये दुसरं काहीतरी लावता येत होतं. लेडीज डब्याला रूळ हे असे मिळाले.

१९८२ च्या मार्चमध्ये हर्स्ट आणि एबीसी या कंपन्यांनी मिळून 'डेटाइम' नावाची सेवा सुरू केली. दिवसाचे जेमतेम चार तास आणि तेही सोमवार ते शुक्रवार. हर्स्ट म्हणजे 'गुड हाउसकीपिंग' आणि 'कॉस्मोपॉलिटन' काढणारी मंडळी. त्यामुळे मासिकाची पानं उचलून पडद्यावर ठेवावीत असाच त्याचा थाट होता. स्वयंपाक, मुलं, कपडे, थोड्या गप्पा. त्याच वर्षी जूनमध्ये व्हायाकॉमच्या आधाराने 'केबल हेल्थ नेटवर्क' आलं. आरोग्य या एकाच विषयावर चोवीस तास! दोघांचंही धड चालेना. शेवटी दोन बुडत्यांनी एकमेकांचा हात धरला आणि १ फेब्रुवारी १९८४ रोजी लाइफटाइमचा जन्म झाला.

म्हणजे बघा, स्त्रियांसाठी काही करावं या तळमळीतून हे चॅनल निघालेलं नाही. दोन तोट्यातले धंदे एकत्र आले आणि उरलेल्या मालातून काय उभं राहील याचा विचार झाला. पहिली दोन वर्षं तर तोटाच तोटा. आणि मजा म्हणजे कित्येक वर्षं दर रविवारी हे चॅनल बायकांचं नसायचंच. त्या दिवशी डॉक्टरांसाठी कार्यक्रम असायचे, कारण औषध कंपन्यांच्या जाहिराती चांगले पैसे देत. लेडीज डब्यात रविवारी पुरुषांना परवानगी!

या सुरुवातीच्या गोंधळात एक माणूस मात्र लोकांच्या मनात ठसलं. डॉ. रूथ वेस्टहायमर. उंची चार फूट सात इंच, जर्मन वळणाचं इंग्रजी आणि आजीसारखा चेहरा. नाझींच्या काळात लहानपणी त्यांना स्वित्झर्लंडला पाठवलं म्हणून त्या वाचल्या, आईवडील मात्र गेले. या बाई १९८४ पासून लाइफटाइमवर 'गुड सेक्स' नावाचा कार्यक्रम करत. त्यात लोकांच्या शरीरसंबंधांविषयीच्या शंकांना त्या न लाजता, न ओशाळता उत्तरं देत. बायकांनी जे प्रश्न कुजबुजतही विचारले नसते ते इथे मोठ्याने विचारले गेले. २०२४ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. अमेरिकन टीव्हीने बायकांना दिलेल्या खऱ्या उपयोगाच्या गोष्टींची यादी केली तर मी त्यांना बऱ्याच वर ठेवीन.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चॅनलला आपलं गिऱ्हाईक सापडलं. संध्याकाळी दमून घरी येणारी नोकरदार बाई. तिच्यासाठी मोठ्या नेटवर्क्सच्या जुन्या मालिका विकत घेतल्या गेल्या. 'कॅग्नी अँड लेसी' ही त्यातली एक, दोन स्त्री पोलिसांची. सीबीएसने १९८३ मध्ये ती बंद केली होती, तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून ती परत आणायला लावली होती. 'द डेज अँड नाइट्स ऑफ मॉली डॉड' ही दुसरी. घटस्फोट झालेली, न्यूयॉर्कमध्ये एकटी राहणारी, कधी नोकरी आहे कधी नाही अशी मॉली. एनबीसीने तिला सोडून दिलं, तर १९८९ मध्ये लाइफटाइमने उचललं आणि नवे भाग काढले. तीन मोठ्या नेटवर्क्सना परवडणार नाही इतका छोटा प्रेक्षक केबलला पुरत होता. डब्याचा हा पहिला खरा फायदा. जिला कुठेच जागा नव्हती तिला इथे बसायला मिळालं.

मग १९९० पासून आले लाइफटाइमचे स्वतःचे सिनेमे. पहिला 'मेमरीज ऑफ मर्डर'. नावातच खून! स्वस्तात, बरेचदा कॅनडात चित्रण केलेले हे सिनेमे एका साच्यातून काढल्यासारखे असत. चांगल्या वस्तीतलं चांगलं घर, चांगली बाई आणि एक गोडबोल्या माणूस. पहिल्या पंधरा मिनिटांत आपल्याला कळतं की हा बरा नाही, तिला मात्र कळायला तास लागतो. पोलिस तिचं ऐकत नाहीत, नवरा ऐकत नाही, शेजारी ऐकत नाहीत. शेवटी तिचं तीच निस्तरते. 'मदर, मे आय स्लीप विथ डेंजर?' हे तर या प्रकाराचं बोधचिन्हच झालं. खरं तर तो १९९६ चा सिनेमा एनबीसीसाठी केलेला, पण लाइफटाइमने तो इतक्यांदा दाखवला की लोक तो त्यांचाच समजू लागले.

या सिनेमांची टिंगल करणं फार सोपं आहे आणि अमेरिकेत ती भरपूर झाली. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. मी १९९९ मध्ये एच-४ व्हिसावर इकडे आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा नोकरी करायला बंदी होती. गाडी येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, बाहेर बर्फ. दुपारभर टीव्ही चालू असायचा आणि बरेचदा हेच चॅनल. आसपासच्या अपार्टमेंटमधल्या तेलुगू, गुजराती मैत्रिणींचंही तेच. फोनवर आम्ही रात्रीच्या भाजीबरोबर कालच्या सिनेमातल्या खुनी नवऱ्याचीही चर्चा करायचो. त्या सिनेमांतली एक गोष्ट मला तेव्हाही खोटी वाटत नव्हती. बाई सांगते आहे आणि कुणी ऐकत नाही, ही. बाकी सगळं नकली असेल, पण तेवढं बायकांच्या ओळखीचं होतं. म्हणूनच त्या पाहत होत्या.

पण त्याचबरोबर हेही खरं की तुमची भीती हाच त्यांचा माल होता. दर अर्ध्या तासाला घाबरवायचं आणि मध्ये जाहिरात दाखवायची. जगात बायकांसाठी फक्त धोकेच आहेत, असं रोज ऐकलं की माणूस दाराला आणखी एक कडी लावतो, बाहेर पडत नाही.

आता मालकीचं बघू. १९९४ मध्ये व्हायाकॉमने आपला वाटा विकला, एबीसी १९९६ मध्ये डिस्नेकडे गेलं आणि चॅनल हर्स्ट व डिस्ने यांचं अर्धं अर्धं झालं. पहिली पंधरा वर्षं या 'बायकांच्या' चॅनलच्या प्रमुखपदी पुरुषच होते. आधी टॉम बर्चिल आणि मग डग्लस मॅकॉर्मिक. पाटी लागली ती मॅकॉर्मिक यांच्याच काळात. १९९९ मध्ये कॅरोल ब्लॅक आल्या आणि २००१ मध्ये रात्रीच्या मुख्य वेळेत लाइफटाइम अमेरिकेतल्या बेसिक केबल चॅनल्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. खेळ, बातम्या, सिनेमे सगळ्यांच्या वर!

पुरुषांनी सुरू केलं म्हणून ते बाद, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडचं 'स्त्री' मासिक १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनीच काढलं, आणि त्याच मासिकात संपादकपदापर्यंत पोचलेल्या विद्या बाळ यांनी पुढे १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढलं. जागा कुणी का करून दिलेली असेना, आत आलेल्या बायका तिचं काय करतात ते महत्त्वाचं.

लाइफटाइममध्येही आतल्या बायकांनी काही केलंच. १९९७ मध्ये बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा, डब्ल्यूएनबीए, सुरू झाली तेव्हा पहिली काही वर्षं तिचे सामने या चॅनलने दाखवले. १९९५ पासून स्तनांच्या कर्करोगाविषयी मोहीम चालवली. स्तन काढल्यानंतर काही तासांतच बाईला घरी पाठवायच्या प्रथेविरुद्ध सह्या गोळा करून त्या वॉशिंग्टनला नेल्या. आणि डेबी स्मिथची गोष्ट. व्हर्जिनियातल्या या बाईवर १९८९ मध्ये बलात्कार झाला. गुन्हेगाराचा डीएनए जुळायला सहा वर्षांहून जास्त काळ गेला. असे पुरावे देशभर खोक्यांत न तपासता पडून होते. ते तपासायला राज्यांना पैसे देणारा कायदा २००४ मध्ये झाला, तो डेबी स्मिथ यांच्याच नावाने. त्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत लाइफटाइमही होतं.

मालिकांतही 'एनी डे नाउ' (१९९८ ते २००२) वेगळी होती. अलाबामातल्या बर्मिंगहॅमची एक गोरी आणि एक काळी मैत्रीण, त्यांचं १९६० च्या दशकातलं लहानपण आणि आजचं वय, असं आलटून पालटून. एरवी या चॅनलची 'बाई' म्हणजे गोरी, उपनगरातली, बऱ्यापैकी पैसेवाली. लेडीज डब्यातही फर्स्ट क्लास असतोच की!

लाइफटाइमचं यश पाहून बाकीचे धावले. निकलोडियन हे मुलांचं चॅनल नावारूपाला आणणाऱ्या जेराल्डीन लेबोर्न यांनी ओप्रा विन्फ्री वगैरेंना बरोबर घेऊन २ फेब्रुवारी २००० रोजी 'ऑक्सिजन' सुरू केलं. रडारड नको, खुनाखुनी नको. हुशार बायकांसाठी हुशार चॅनल, शिवाय इंटरनेटशी जोडलेलं. पण दोन खिशांचा खेळ इथे उलटला. केबलवाल्यांनी आपल्या यादीत घेतलंच नाही तर प्रेक्षक कुठून येणार? सुरुवातीला चॅनल जेमतेम एक कोटी घरांत दिसत होतं, त्यात त्याच वर्षी डॉटकॉमचा फुगा फुटला. २००७ मध्ये एनबीसी युनिव्हर्सलने ते ९२ कोटी ५० लाख डॉलर्सना विकत घेतलं. आणि २०१७ पासून? ऑक्सिजन हे पूर्णपणे गुन्हेकथांचं चॅनल झालं! खुनाखुनी नको म्हणून निघालेली गाडी फिरून खुनापाशीच आली, कारण अशा सत्यकथांना बायकांचाच प्रेक्षक मोठा.

बाकीच्यांची गत थोडक्यात. 'रोमान्स क्लासिक्स'चं २००१ मध्ये 'वी' झालं. डिस्नेचं 'सोपनेट' २००० मध्ये आलं, दुपारच्या मालिका त्याच रात्री नोकरदार बायकांना पुन्हा दाखवायला. २०१३ च्या शेवटी ते बंद झालं आणि जागा लहान मुलांच्या चॅनलला मिळाली. 'स्टाइल'च्या जागी २०१३ मध्ये पुरुषांसाठीचं 'एस्क्वायर' आलं, तेही २०१७ मध्ये संपलं. ओप्रांचं स्वतःचं 'ओन' १ जानेवारी २०११ रोजी सुरू झालं. लाइफटाइम २००९ मध्ये ए अँड ई या समूहात गेलं आणि 'टेलिव्हिजन फॉर विमेन' ही पाटी तर त्याआधीच उतरली होती.

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे कुणी पाटी लावली नाही. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आलं, तेव्हा 'आभाळमाया'तल्या सुधा जोशीसाठी घराघरांत जेवणाच्या वेळा बदलल्या, पण ती मालिका घरातले पुरुषही पाहत होते. २००० मध्ये स्टार प्लसवर 'क्यों की सास भी कभी बहू थी' सुरू झाली. २००४ पासून आदेश बांदेकर 'होम मिनिस्टर'मधून घरोघरी पैठणी घेऊन गेले, ते २०२२ पर्यंत. घरात टीव्ही बहुधा एकच, त्यामुळे वेगळा डबा जोडणं शक्यच नव्हतं. म्हणून संध्याकाळची सगळी गाडीच लेडीज स्पेशल झाली! माझी मावशी म्हणते, "तुमच्याकडे बायकांना चॅनल दिलं, आमच्याकडे बायकांनी रिमोट घेतला." वाक्य झकास आहे. फक्त रिमोट हातात आल्यावर समोर काय होतं? दागिने घातलेल्या सासवा आणि रडणाऱ्या सुना. तिकडे खुनी नवरा, इकडे कारस्थानी जाऊ. बाईला काय आवडतं ते दोन्हीकडे जाहिरातदाराच्या आकड्यांनीच ठरवलं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असतानाच २०१९ च्या जानेवारीत लाइफटाइमने 'सर्व्हायव्हिंग आर. केली' हा सहा भागांचा माहितीपट दाखवला. या प्रसिद्ध गायकाने कोवळ्या काळ्या मुलींवर केलेल्या अत्याचारांबद्दल वर्षानुवर्षं बोललं जात होतं आणि कुणी ऐकत नव्हतं. इथे त्या बायका एकामागून एक कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि बोलल्या. पुढच्याच महिन्यात त्याला अटक झाली, २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात तो दोषी ठरला आणि २०२२ मध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. चॅनलने तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली होती, बाई सांगते आणि कुणी ऐकत नाही. या वेळी ती खरी होती, त्या बायका खऱ्या होत्या आणि ऐकायला लाखो माणसं बसली होती. याच चॅनलने हे दाखवावं हा मला योगायोग वाटत नाही. बायकांचं म्हणणं अर्धा तास मध्ये न तोडता ऐकायची सवय असलेला प्रेक्षक त्यांच्याकडे आधीपासून होता.

असो. आता केबलच कापली जाते आहे. नेटफ्लिक्सवर प्रत्येकाचा डबा वेगळा. माझ्या मुलीला काय आवडतं ते यंत्र ठरवतं आणि तिच्यापुढे ठेवतं. तिच्या डब्यात ती एकटीच आहे. भांडायला कुणी नाही आणि सरकून जागा करायलाही कुणी नाही. त्या १९९९ च्या हिवाळ्यात आम्ही चारजणी चार अपार्टमेंटमध्ये बसून तोच एक भिकार सिनेमा पाहत होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर हसत हसत एकीने आपल्या घरातलं खरं काहीतरी सांगितलं होतं. सिनेमा निमित्त होता. जाहिरातदारांनी आम्हाला एकत्र बसवलं ते विकण्यासाठी, पण बसल्यावर आम्ही बोललो, आणि त्याचे पैसे त्यांना लावता आले नाहीत.